उंचावरचा पहारा

नदीकाठी राहणाऱ्या माणसाला नदीची ओळख असते. परंतु ती बहुधा अर्धीच असते. आपल्या गावापाशी डोह कोठे आहे, उतार कोठे आहे, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले म्हणजे गुरे हलवावयाची, हे सारे तो जाणतो. वाडवडिलांकडून आलेले हे ज्ञान मोलाचे आहे, यात शंका नाही. पण नदी काही त्याच्या गावात जन्मलेली नसते. ती दूरच्या डोंगरांतून, परक्या मुलुखांतून वाहत आलेली असते. तेथे काल रात्री किती पाऊस कोसळला, हे काठावर उभे राहून कितीही डोळे ताणले तरी दिसत नाही. काठावरच्या माणसाला दिसते ते येऊन पोहोचलेले पाणी. यावयाचे पाणी त्याला दिसत नाही. आणि पुराच्या संकटात खरा प्रश्न असतो, तो यावयाच्या पाण्याचा.

विदर्भातील भंडारा जिल्हा हे याचे उत्तम उदाहरण होय. हा जिल्हा तळ्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. धानाची हिरवी शेते, जागोजागी तलाव आणि बोड्या, पूर्वेस व उत्तरेस वनराई, आणि या सर्वांच्या मधून वाहणारी वैनगंगा, असे त्याचे रूप आहे. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात मुंडारा या गावाजवळ उगम पावते. तेथून सिवनी आणि बालाघाट जिल्ह्यांतील पाणी गोळा करीत ती महाराष्ट्रात येते. वाटेत तिला बावनथडी मिळते. भंडारा शहर ओलांडल्यावर कन्हान मिळते. आणि कन्हान एकटी येत नाही, पेंच नदीचे पाणी ती बरोबर घेऊन येते. पुढे पवनी तालुक्यात गोसेखुर्दचे विशाल धरण या पाण्याला अडवते. तेथून निघालेली वैनगंगा अखेर वर्धा नदीस मिळून ‘प्राणहिता’ हे नाव धारण करते आणि गोदावरीत विलीन होते. म्हणजे भंडाऱ्याच्या घाटावरून जे पाणी वाहते, त्याचा मोठा भाग भंडारा जिल्ह्यात पडलेलाच नसतो.

२०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस याचा दारुण अनुभव आला. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. नद्या भरल्या, धरणे भरली, वैनगंगेवरील संजय सरोवराचे दरवाजे उघडावे लागले, आणि पाण्याचा लोंढा खाली उतरला. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. नदीकाठच्या अनेक गावांचा एकमेकांशी संबंध तुटला. निसवण्याच्या बेतात आलेले धान पाण्याखाली गेले. पूर्व विदर्भातील इतर जिल्ह्यांनाही या पुराचा तडाखा बसला. आपत्ती प्रतिसाद दलाच्या नावांतून माणसांना बाहेर काढावे लागले. ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी नदी रोज पाहिलेली होती. परंतु रोज पाहणे आणि संपूर्ण पाहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

संपूर्ण नदी एका दृष्टिक्षेपात पाहावयाची, तर पाहणाऱ्याने उंच जावयास हवे. शेतातला राखणदार माचणावर चढून बसतो, तो याच कारणासाठी. किल्ल्यावरचा पहारेकरी बुरुजावर उभा राहतो, तोही याचसाठी. माचण जितके उंच, तितका दूरचा प्रदेश दिसतो. मानवाने गेल्या काही दशकांत जे माचण उभारले आहे, ते शेकडो, नव्हे, हजारो किलोमीटर उंच आहे. त्याला आपण कृत्रिम उपग्रह म्हणतो.

पृथ्वीभोवती फिरणारा पहिला कृत्रिम उपग्रह ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने आकाशात सोडला. भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी उडाला. पृथ्वीचे निरीक्षण करणारा ‘भास्कर’ १९७९ साली त्याच्या मागोमाग गेला. आणि १७ मार्च १९८८ रोजी ‘आय.आर.एस.-१ए’ हा उपग्रह अवकाशात गेला, तेव्हापासून भारताची भूमी भारताच्याच डोळ्यांनी नियमितपणे न्याहाळली जाऊ लागली. एखाद्या वस्तूला स्पर्श न करता दुरूनच तिची माहिती मिळविण्याच्या या विद्येस ‘सुदूर संवेदन’ असे म्हणतात. तिचे एक केंद्र विदर्भातच आहे. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ साली स्थापन झाले. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र हे साऱ्या देशासाठी काम करते. त्या शहराजवळ शादनगर येथे मोठमोठ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात व उपग्रहांनी पाठविलेले संदेश झेलतात.

पहारा देणारे उपग्रह मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीला स्वतःभोवती फिरावयास जितका वेळ लागतो, तितक्याच वेळात ते पृथ्वीभोवती एक फेरी पुरी करतात. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात दोन मुले समोरासमोर बसली, तर दोघेही फिरत असतात. पण एकाला दुसरा जागच्या जागी दिसतो. तसेच हे आहे. पृथ्वीवरून पाहता हा उपग्रह आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा भासतो. म्हणून त्यास ‘भूस्थिर’ उपग्रह म्हणतात. भारताचे ‘इन्सॅट’ मालिकेतील हवामान-उपग्रह या जातीचे आहेत. ते इतक्या उंचीवरून बारीकसारीक तपशील पाहू शकत नाहीत. परंतु संपूर्ण भारत आणि भोवतालचे समुद्र त्यांच्या डोळ्यांसमोर अष्टौप्रहर असतात. ढग कोठे जमले, कोठून कोठे सरकले, त्यांचे माथे किती थंड आहेत, याची वर्दी ते दर अर्ध्या तासाला देऊ शकतात.

दुसऱ्या प्रकारचे उपग्रह त्या मानाने फार खाली, सुमारे ५०० ते ८०० किलोमीटर उंचीवर असतात. ते एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे धावतात आणि साधारणपणे शंभर मिनिटांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा घालतात. त्यांच्या खाली पृथ्वी आपल्या गतीने फिरतच असते. त्यामुळे प्रत्येक फेरीत त्यांच्या नजरेखाली नवा पट्टा येतो. सुताचा गुंडा करताना आपण एकीकडे सूत गुंडाळतो व दुसरीकडे गुंडा थोडा थोडा फिरवितो, म्हणजे हळूहळू सगळा गुंडा सुताने झाकला जातो. त्याचप्रमाणे या उपग्रहांच्या फेऱ्यांनी काही दिवसांत सारी पृथ्वी पाहून होते. हे उपग्रह जवळ असल्यामुळे त्यांना तपशील दिसतो. ‘रिसोर्ससॅट’ उपग्रहांवरील एका कॅमेऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या चित्रातील सर्वांत लहान चौकोन म्हणजे जमिनीवरची सुमारे २४ मीटर लांब व तितकीच रुंद जागा असते. एका एकरात असे सुमारे सात चौकोन बसतात. तेव्हा तुमच्या वर्गातील बाके त्यास दिसणार नाहीत. परंतु तुमच्या गावचा तलाव मात्र निश्चित दिसेल.

आता कोणीही विचारील, की इतक्या दुरून पाणी, शेत, रान आणि पडीक जमीन ही एकमेकांपासून वेगळी ओळखावयाची कशी? याचे उत्तर प्रकाशात आहे. सूर्याचा प्रकाश जमिनीवर पडतो व परावर्तित होऊन पुन्हा आकाशाकडे जातो. पण प्रत्येक वस्तू तो सारखाच परत करीत नाही. आपल्या डोळ्यांना तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग दिसतात. तांबड्याच्या पलीकडेही किरण असतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. ते आपणांस दिसत नाहीत, पण उपग्रहावरील यंत्रांना दिसतात. हिरवे, टवटवीत पान या अवरक्त किरणांपैकी बराच भाग परत पाठविते. पाणी मात्र ते जवळजवळ सगळे गिळून टाकते. शास्त्रज्ञ या अदृश्य किरणांना चित्रात तांबडा रंग देतात. म्हणून उपग्रहाच्या अशा चित्रात भंडाऱ्याची वनराई लालभडक दिसते आणि तलाव काळेभोर दिसतात. प्रथम पाहणाऱ्यास हे विपरीत वाटते. पण एकदा किल्ली समजली, म्हणजे चित्र पुस्तकासारखे वाचता येते.

या अवरक्त किरणांचा एक मोठा गुण आहे. पानाचा जोम कमी होऊ लागला, की त्याने परत पाठविलेले अवरक्त किरणही कमी होतात, आणि हा बदल कधी कधी आपल्या डोळ्यांना रोग दिसण्यापूर्वीच टिपता येतो. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी या भारतीय शास्त्रज्ञांनी केरळातील नारळाच्या बागांची अशा किरणांनी हेलिकॉप्टरमधून छायाचित्रे घेतली व रोगट झाडे ओळखून दाखविली. भारतातील सुदूर संवेदनाचा आरंभ या प्रयोगापासून मानला जातो. आज हीच युक्ती धानाच्या शेतांसाठी वापरता येते. पावसाने ओढ दिली आणि पीक कोमेजू लागले, की चित्रातला तांबडा रंग फिका होत जातो. मागील वर्षांच्या त्याच दिवसांतील चित्रांशी तो ताडून पाहिला, म्हणजे दुष्काळाची पावले ओळखू येतात.

परंतु पुराच्या वेळी एक अडचण उभी राहते. पूर येतो तो पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात आकाश ढगांनी भरलेले असते. ज्या दिवशी पाहणे सर्वांत अगत्याचे, नेमके त्याच दिवशी ढगांचा पडदा मध्ये येतो. मग साधा कॅमेरा काय करणार? तो ढगांची पाठ पाहत बसतो. या अडचणीवर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा म्हणजे रडार होय. रडार सूर्यप्रकाशाची वाट पाहत नाही. ते स्वतःच लहरी सोडते आणि जमिनीवरून परत येणाऱ्या लहरी टिपते. या लहरी ढगांतून आरपार जातात. त्यांना रात्र आणि दिवस सारखेच. २०१२ साली भारताने ‘रिसॅट-१’ हा असा उपग्रह सोडला; २०२२ साली ‘ई.ओ.एस.-०४’ गेला, आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून भारत व अमेरिका यांनी मिळून सिद्ध केलेला ‘निसार’ हा उपग्रह अवकाशात झेपावला. ‘निसार’ची जाळीदार छत्री उघडली म्हणजे तिचा व्यास १२ मीटर भरतो.

रडारला पाणी कसे ओळखू येते, हे समजण्यास एक सोपा प्रयोग करावा. अंधाऱ्या खोलीत जमिनीवर एक आरसा व त्याच्या शेजारी एक गोणपाट ठेवा. थोड्या अंतरावरून तिरकस दिशेने त्यांवर विजेरीचा झोत टाका. गोणपाट उजळून दिसेल. कारण त्याच्या खरबरीत पृष्ठभागावरून प्रकाश चहूकडे फाकतो व त्यातला काही तुमच्याकडे परत येतो. आरसा मात्र काळा दिसेल. कारण तो सगळा प्रकाश एकाच दिशेने, तुमच्यापासून दूर, फेकून देतो. संथ पाणी हा रडारचा आरसा आहे, आणि झाडेझुडपे, ढेकळे, घरे हे त्याचे गोणपाट आहे. म्हणून रडारच्या चित्रात पाणी काळे आणि जमीन उजळ दिसते. पुराचे पाणी जेथे जेथे पसरले असेल, तेथे तेथे चित्र काळे होते.

येथे मात्र घाई करून चालत नाही. भंडाऱ्याच्या मुलांना याचे कारण सहज सांगता येईल. पावसाळ्यात धानाची रोवणी, म्हणजे लावणी, होते, तेव्हा प्रत्येक बांधी पाण्याने भरलेली असते. शेतकऱ्याने ते पाणी मुद्दाम, धुरे बांधून, साठविलेले असते. रडारच्या दृष्टीने ते पाणीही काळेच. तलावही काळे, नदीही काळी. मग यातला पूर कोणता? केवळ एक चित्र पाहणारा मनुष्य अर्धा जिल्हा बुडाला, असे म्हणून मोकळा होईल. जाणता शास्त्रज्ञ तसे करीत नाही. तो पुरापूर्वीचे चित्र आणि पुरानंतरचे चित्र शेजारी शेजारी मांडतो. दोन्ही चित्रांत जे काळे आहे, ते नेहमीचे पाणी. पहिल्यात उजळ असून दुसऱ्यात काळे झाले, ते नवे पाणी. मग तो जमिनीचा उतार पाहतो, पिकाची वेळ पाहतो, आणि शक्य तर त्या गावी गेलेल्या माणसाचा शब्द विचारतो. एवढे केल्यावर जो नकाशा तयार होतो, त्यावरून कोणती गावे पाण्याने वेढली गेली, कोणता रस्ता अद्याप मोकळा आहे, नाव कोठे पाठवावी, हे ठरविता येते. पूर ओसरल्यावर कोणाचे पीक बुडाले, हे ठरविण्यासही त्याचा उपयोग होतो.

पूर येऊन गेल्यानंतरचा नकाशा उपयुक्त खरा. पण पूर येण्यापूर्वीची सूचना त्याहून मोलाची. त्यासाठी अनेक प्रकारची माहिती एकत्र करावी लागते. भूस्थिर उपग्रहांनी पाहिलेल्या ढगांवरून पावसाचा अंदाज बांधतात. हवामान खात्याची पर्जन्यमापके प्रत्यक्ष पडलेला पाऊस मोजतात. केंद्रीय जल आयोगाची माणसे व यंत्रे नद्यांची पातळी नोंदवितात. यांपैकी कित्येक यंत्रे दुर्गम जागी असतात. तेथे ना तार, ना टपाल. अशा ठिकाणची नोंद उपग्रहामार्फत क्षणात कचेरीपर्यंत पोहोचविता येते. म्हणजे उपग्रह येथे डोळ्याचे काम करतो आणि जासुदाचेही. वरच्या खोऱ्यात किती पाऊस झाला, धरणे किती भरली आहेत, नदीचा उतार किती आहे, हे सारे हिशेबात घेऊन, पाणी खालच्या गावी केव्हा व किती चढेल, याचे गणित मांडले जाते. पाण्याला सिवनी-बालाघाटकडून भंडाऱ्यास यावयास वेळ लागतो. संदेशाला लागत नाही. या दोहोंमधला जो काळ, तोच माणसांना वाचविण्याचा काळ.

हा काळ नीट वापरला तर काय घडते, हे ओडिशाने दाखवून दिले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी त्या राज्याच्या किनाऱ्यावर प्रचंड चक्रीवादळ आदळले व सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ नावाचे दुसरे भयंकर चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आले. त्या वेळी उपग्रहांच्या साहाय्याने त्याच्या मार्गाचा वेध दिवसेंदिवस घेतला जात होता. वादळ येण्यापूर्वीच लक्षावधी लोकांना सुरक्षित जागी नेण्यात आले, आणि मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. वारा काही दयाळू झाला नव्हता. मधल्या चौदा वर्षांत पक्क्या आश्रयशाळा बांधल्या गेल्या होत्या, गावोगावी माणसे तयार केली गेली होती, आणि लोक सूचनेवर विश्वास ठेवावयास शिकले होते. आकाशातून वादळ १९९९ सालीही दिसत होते. परंतु दिसणे आणि वाचणे यांच्यामध्ये जी वाट असते, ती जमिनीवरच बांधावी लागते.

भंडाऱ्याच्या वनांनाही या पहाऱ्याचा लाभ होतो. भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प पसरलेला आहे. कोका अभयारण्य त्याचाच एक भाग आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी येथे मोहफुले वेचण्याचा हंगाम असतो. फुले सहज दिसावीत म्हणून काही लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. ती ठिणगी वाऱ्याने पसरली, की रान पेटते. रोपे, पाखरांची घरटी, सरपटणारे जीव, सर्व भस्मसात होते. आगीतून उष्णतेचे किरण निघतात. काही उपग्रह ते ओळखतात व सुमारे ३७५ मीटर लांबीरुंदीच्या चौकोनात कोठे जाळ आहे, हे दाखवितात. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था ही माहिती वनरक्षकांच्या मोबाइल दूरध्वनीवर पाठविते. वनरक्षकाला जागा कळते. पण आग विझवावयास त्यालाच धावावे लागते. कधी तो तेथे पोहोचतो, तेव्हा आग नसून तापलेली वीटभट्टी आढळते. उपग्रह ‘येथे उष्णता आहे’ एवढेच सांगतो. ती कशाची, हे माणसाने जाऊन पाहावयाचे.

तसेच तलावांचे. या भागातील जुने तलाव गोंड राजवटीच्या व त्यानंतरच्या काळात लोकांनी, विशेषतः कोहळी समाजातील कसबी माणसांनी, बांधले. त्यांना माजी मालगुजारी तलाव असे म्हणतात. कोणताही नकाशा हाती नसताना, केवळ जमिनीचा उतार पाहून, पाळ कोठे घालावी हे त्यांनी अचूक ओळखले. आज यांपैकी काही तलाव गाळाने उथळ झाले आहेत, काहींत वनस्पती माजल्या आहेत. दहा-वीस वर्षांची उपग्रहचित्रे क्रमाने मांडली, तर कोणत्या तलावाचे पाणी वर्षानुवर्षे आक्रसत चालले, हे स्पष्ट दिसते. माणसाच्या स्मरणात हळूहळू होणारा बदल राहत नाही. चित्राच्या स्मरणात तो राहतो. मात्र गाळ किती खोल साचला आहे, हे अशा चित्रावरून कळत नाही. त्यासाठी बांबू घेऊन पाण्यात उतरावेच लागते.

उपग्रहाच्या इतरही मर्यादा आहेत. खालून जाणारा उपग्रह नेहमीच आपल्या डोक्यावर नसतो. ‘निसार’ आपल्या ठरलेल्या वाटेवर पुन्हा त्याच ठिकाणी येतो, तो १२ दिवसांनी. आणि वैनगंगेचा पूर तर दोन-तीन दिवसांत चढून उतरूही शकतो. म्हणून अनेक उपग्रहांची मदत घ्यावी लागते. या कामी राष्ट्रे आपापसांतील भेद बाजूस ठेवतात. मोठी आपत्ती कोसळली असता निरनिराळ्या देशांच्या अवकाश संस्थांनी आपल्या उपग्रहांची चित्रे आपद्ग्रस्त देशास विनामूल्य पुरवावीत, असा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. २००० साली तो अमलात आला व पुढच्याच वर्षी भारताची अवकाश संशोधन संस्था, म्हणजे ‘इस्रो’, त्यात सामील झाली. आज दुसऱ्याच्या पुराचे चित्र आपण देतो, उद्या आपल्या पुराचे चित्र दुसरा देतो.

आता या पहाऱ्याची सारी साखळी एकदा डोळ्यांपुढे आणू. उपग्रह पाहतो. भूकेंद्र त्याचा संदेश झेलते. शास्त्रज्ञ त्याचा अर्थ लावतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून सूचना निघते. ती तहसीलदारांकडे, तेथून तलाठी, कोतवाल आणि पोलीस पाटील यांच्याकडे जाते. अखेरीस कोणीतरी नदीकाठच्या एका घराचे दार ठोठावतो व म्हणतो, “उठा, पाणी चढणार आहे.” ही साखळी हजारो किलोमीटर लांब आहे, परंतु तिची अगदी शेवटची कडी म्हणजे ते दार उघडणारा मनुष्य होय. त्याने “आमच्या ओट्याला आजवर कधी पाणी लागले नाही” असे म्हणून पुन्हा पांघरूण ओढून घेतले, तर वरच्या सगळ्या कड्या व्यर्थ जातात.

म्हणून या विद्येचा शेवटचा धडा आकाशात नसून आपल्या गावातच शिकावयाचा आहे. आपल्या गावी मागच्या पुराचे पाणी कोणत्या भिंतीवर कोठवर चढले होते, हे वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे. गावातील उंच जागा कोणती व तेथे जाणारा रस्ता कोणता, हे पाहून ठेवावे. घरातील वृद्ध, आजारी आणि लहान मुले यांना कोणी धरून न्यावयाचे, हे आधीच ठरवून ठेवावे. आणि सूचना आली, की ती शेजारच्या घरी पोहोचवून मगच आपण निघावे.

अभ्यास

१. “काठावरच्या माणसाला दिसते ते येऊन पोहोचलेले पाणी, यावयाचे पाणी त्याला दिसत नाही.” या वाक्याचा अर्थ वैनगंगेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. भूस्थिर उपग्रह आणि ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह यांतील फरक सांगा. प्रत्येकाचा एक एक उपयोग लिहा.

३. रडारच्या चित्रात धानाची बांधी आणि पुराचे पाणी यांत घोटाळा का होऊ शकतो? तो कसा टाळतात?

४. ओडिशातील १९९९ आणि २०१३ या दोन वर्षांच्या वादळांची तुलना करून लेखक काय सुचवितात?

५. पुढील शब्द वाक्यांत योजा : अष्टौप्रहर, दृष्टिक्षेप, भस्मसात, तोडगा, जासूद.

६. पाठात सांगितलेला आरसा व गोणपाट यांचा प्रयोग करून पाहा व आपले निरीक्षण पाच-सहा ओळींत लिहा.

७. तुमच्या गावातील नदी, ओढा किंवा तलाव यांना पूर्वी आलेल्या पुराविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा व गावाचा कच्चा नकाशा काढून त्यात पाण्याची मर्यादा आणि सुरक्षित जागा दाखवा.